तांब्याच्या ताणात मुगाचे पेरॉक्सिडेज वाढते, मग कॅटलेज का घटते?

प्रश्न

नमस्कार. मी पुण्यात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करीत असून मार्केट यार्डातून आणलेल्या मुगाच्या रोपांवर कॉपर सल्फेटचा परिणाम तपासत आहे. २०० मायक्रोमोलर द्रावणात पाच दिवस वाढलेली मुळे आखूड, जाडसर आणि टोकाशी तपकिरी झाली. त्यांत हायड्रोजन पेरॉक्साइड वापरणाऱ्या दोन विकरांपैकी ग्वायाकॉल पेरॉक्सिडेज साध्या पाण्यातील रोपांच्या जवळजवळ दुप्पट भरले, कॅटलेज निम्म्यावर आले आणि मॅलॉनडायअल्डिहाइड (पेशीपटलांतील मेदाला इजा झाल्याची खूण) वाढले. रोपाचे संरक्षण वाढले असे लिहावे की कोलमडले असे? पुढे हाच प्रयोग कॅडमियमवर करायचा आहे.

उत्तर १

दोन्ही निरीक्षणे एकाच घटनेची आहेत. तांबे रोपाला अल्प प्रमाणात लागतेच. सुपरऑक्साइड डिसम्यूटेज या संरक्षक विकराच्या एका प्रकारातही ते असते. जास्त झालेले मुक्त तांबे मात्र हायड्रोजन पेरॉक्साइडशी अभिक्रिया करून हायड्रॉक्सिल मूलक (पेशीला इजा करणारा अतिक्रियाशील कण) तयार करते आणि त्याला आवरणारे विकर कोणत्याही सजीवाकडे नाही. म्हणून पेरॉक्साइड वेळीच नष्ट होणे महत्त्वाचे असते, आणि नेमके ते काम करणारे कॅटलेज तुमच्या रोपांत मंदावले आहे. ग्वायाकॉल पेरॉक्सिडेजचा बराच भाग पेशीभित्तिकेत असतो. तेथे ते पेरॉक्साइड वापरून लिग्निन या कडकपणा देणाऱ्या द्रव्याची जोडणी करते, भित्तिका ताठ होते आणि मूळ लांबायचे थांबते. तुमच्या आखूड मुळांमागे पेरॉक्सिडेजची ही वाढही असू शकते, त्यामुळे केवळ तिच्यावरून संरक्षण वाढले असे मी लिहिणार नाही. मॅलॉनडायअल्डिहाइड वाढले, म्हणजे पटलांतील मेदाम्लांपर्यंत इजा पोहोचली आहे.

उत्तर २

आकडे प्रति मिलिग्रॅम प्रथिन काढले आहेत का? ताणाखाली विद्राव्य प्रथिनेच घटली, तर विकर तेवढेच असूनही भागाकार मोठा येतो. ताज्या वजनावरही हिशेब करून पाहा. शिवाय बियाणे निर्जंतुक कशाने केले? अनेक प्रयोगशाळांत अजूनही ०.१ टक्का मर्क्युरिक क्लोराइड वापरतात, आणि पारा स्वतःच जड धातू आहे.

प्रश्नकर्ती

मर्क्युरिक क्लोराइडच वापरले होते आणि बियाणे दोनदाच धुतले होते. ताज्या वजनावर हिशेब केला, तेव्हा पेरॉक्सिडेजची दुपटीची वाढ बरीच खाली आली. कॅटलेजची घट मात्र आणखी ठळक दिसते.

उत्तर ३

मग सोडियम हायपोक्लोराइट वापरून, बियाणे ऊर्ध्वपातित पाण्याने पाच-सहा वेळा धुऊन प्रयोग पुन्हा करा. अ‍ॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज हे पेरॉक्साइड नष्ट करणारे आणखी एक विकरही मोजा, पण अर्क काढण्याच्या बफरमध्ये अ‍ॅस्कॉर्बेट घालायला विसरू नका; त्याशिवाय ते विकर पाहता पाहता निष्क्रिय होते. कॅडमियमची वाट वेगळी आहे. ते स्वतः मूलके तयार करीत नाही, तर गंधकयुक्त थायोल गटांना बांधते आणि त्याला अडकवणाऱ्या पेप्टाइडांसाठी रोपाचा ग्लुटाथायोन या थायोलयुक्त लहान पेप्टाइडाचा साठा खर्ची पडतो. मुगात ग्लुटाथायोनपेक्षा होमोग्लुटाथायोन प्रमुख असते, ज्यात ग्लायसीनच्या जागी बीटा-अ‍ॅलनीन असते. थायोल मोजणाऱ्या एल्मनच्या अभिकर्मकाने मिळणारा आकडा एकूण थायोलांचा असतो. तो ‘ग्लुटाथायोन’ या नावाखाली लिहू नका.