प्रति: ओएसची डिस्क गेली की एलव्हीएमही गेलं का?

वर एकाने लिहिलंय की व्हॉल्यूम ग्रुपची (एलव्हीएम म्हणजे लिनक्समध्ये डिस्कची जागा एकत्र करून वाटणारी व्यवस्था; तिनं एकत्र बांधलेल्या डिस्क म्हणजे हा ग्रुप, व्हीजी) माहिती इटीसीत, म्हणजे ओएसच्या सेटिंगच्या फोल्डरात असते, म्हणून ओएसची डिस्क गेली की कारभार आटोपला. तसं नाही भावा. इटीसीतल्या एलव्हीएम फोल्डरात असते ती नुसती नक्कल. खरा मेटाडेटा, म्हणजे ही माहिती, पीव्हीच्या (ग्रुपमधल्या डिस्कच्या किंवा पार्टिशनच्या) सुरुवातीलाच असतो आणि डिफॉल्टने प्रत्येक पीव्हीवर अख्ख्या ग्रुपची माहिती असते.

पीव्हीची ओळख सांगणारं लेबल सहसा दुसऱ्या सेक्टरमध्ये, म्हणजे ५१२ बाइटनंतर. मेटाडेटाची जागा ४०९६ बाइटपासून पुढे. आणि तो चक्क साधा मजकूर आहे! डीडी कमांडने पीव्हीचा पहिला एक एमबी काढून स्ट्रिंग्ज या मजकूर दाखवणाऱ्या कमांडमधून बघा, एलव्हींची (ग्रुपमधून कापलेल्या व्हॉल्यूमची) नावं सरळ वाचता येतात. जागा गोल फिरवून वापरतात, त्यामुळे जुन्या आवृत्त्याही तिथंच पडलेल्या दिसतील. ज्या आवृत्तीचा सीक्वेन्स नंबर मोठा ती सहसा ताजी.

आमच्याकडं उद्यमनगरातल्या एका फौंड्रीची ओएसची डिस्क बसली. डेटाच्या डिस्क दुसऱ्या मशीनला लावल्या, व्हीजीस्कॅनने ग्रुप शोधला, मग व्हीजीचेंजने चालू केला, विषय संपला.

डिस्कची सुरुवातच कुणी पुसली तर मात्र ती नक्कल लागते: जुना यूयूआयडी (पीव्हीचा ओळख क्रमांक) आणि रिस्टोरफाइल म्हणून ती नक्कल देऊन पीव्हीक्रिएट कमांड, मग मेटाडेटा परत लिहायला व्हीजीसीएफजीरिस्टोर. तेव्हा ते फोल्डर दुसऱ्या मशीनवर कॉपी करून ठेवा.