मदत हवी आहे: शाळेत वजन जास्त निघालेल्या मुलांच्या घरच्यांशी कसं बोलावं?

नमस्कार मंडळी. मी बेळगावात एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नर्स आहे. आधी मुलांच्या वॉर्डात होते. तिथे सगळं लक्ष वाळक्या, अंगी न लागणाऱ्या पोरांकडे. इथे उलटं चित्र आहे.

नुकतीच वार्षिक तपासणी झाली. चौथीतला एक मुलगा, वय ९, उंची १३२ सेंमी, वजन ४१ किलो. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) साडेतेवीस. शाळेच्या सॉफ्टवेअरने हिरवा रंग दाखवला, 'नॉर्मल'! का, तर २५च्या खाली आहे. अहो, २५ हा मोठ्या माणसांचा आकडा. मुलांचा बीएमआय वय आणि मुलगा-मुलगी बघून चार्टवर मांडायचा असतो. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे ५ ते १८ वयाचे २०१५चे चार्ट आहेत, त्यावर हा मुलगा लठ्ठपणाच्या रेषेच्या बराच वर जातो. शिवाय मानेवर काळपट, जाडसर पट्टा. आई मळ समजून रोज घासते. इन्सुलिनचं काम नीट होत नसलं की असं दिसू शकतं, म्हणून डॉक्टरांना दाखवायलाच हवं. वरून मात्र सांगणं असं, की 'रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग पालकांना कशाला डिवचता?'

त्याला न्यायला आजी येते. मी विषय काढला तर म्हणाली, "सिस्टर, लेकराला नजर लावू नकासा. खात्यापित्या घरचं पोरगं हाय." शेजारी सून मान खाली घालून उभी. घरी गेल्यावर बोलणी तिलाच बसणार, हे दिसत होतं.

डब्यात चपाती-भाजी असते, तक्रार नाही. पण शाळा सुटली की गेटबाहेरच्या बेकरीत क्रीमरोल आणि आंब्याच्या सरबताची बाटली, रोज. अशा बाटलीत १०० मिलीला बहुधा १२-१४ ग्रॅम साखर असते. मागचं लेबल वाचा. आपली बेळगावची मिठाई, कुंदा, खाऊ दे की सणासुदीला, माझं भांडण या रोजच्या बाटलीशी आहे. शाळेच्या ५० मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-तेलाचे पदार्थ विकू नयेत, असा एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) २०२०चा नियम आहे. पाळतो कोण?

आणखी एक. वजन करताना पीटीचे सर आकडा मोठ्याने ओरडायचे, रांगेत हशा. आता मी पडदा लावून एकेकाला आत घेते.

आजीशी आणि आईशी बोलायची सुरुवात कशी करू? माझ्याकडची पत्रकं कन्नड-इंग्रजीत आहेत, घरच्यांना मराठीच वाचता येतं. सोप्या मराठीत कुणाकडे काही आहे का?

---

निपाणीची_आक्का: आरोग्य खात्यात बरीच वर्षं काढलीत. आजीसमोर वजनाचा 'व'सुद्धा काढू नका. 'जिना चढताना धापा टाकतो का? रात्री घोरतो का?' एवढं विचारा, ती आपणच बोलायला लागते. आईला वेगळी बोलवा आणि बापालाही सोबत या म्हणा. बाटली बहुतेक तोच घेऊन देतो.

मिरची_भजी: आमच्या लहानपणी असलं काही नव्हतं. वाढत्या वयात सगळं जिरतं.

निपाणीची_आक्का: दादा, तुम्ही शाळेला चालत जात होता. हे पोर रिक्षातून जातंय.

बालरोग_खानापूर: वजन उतरवायच्या मागे लागू नका, डाएट तर नकोच. या वयात वजन आहे तिथे थोपवलं आणि उंची वाढत राहिली की बीएमआय आपोआप खाली येतो, हे घरच्यांना पटतंही. बीपी बघा, पण दंडाला बांधायचा कफ मुलांच्या मापाचा लावून. उंची वयाच्या मानाने कमी असती तर थायरॉइड वगैरे आधी तपासलं असतं. १३२ ठीक आहे. मानेच्या पट्ट्यासाठी चिठ्ठी लेखी द्या, 'नॉर्मल'वाल्या रिपोर्टची वाट बघू नका.

टिळकवाडीकर: दिवसाला तासभर खेळ हवा म्हणतात. आमची गल्लीतली पोरं संध्याकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर असतात, पाठवायला सांगा.

धागाकर्ती: आभारी आहे सगळ्यांची. आक्का, घोरण्याचं विचारते. डॉक्टर, चिठ्ठी आजच लिहिते. पण आई ती आजीला दाखवायला घाबरली तर? सरळ वडिलांच्या फोनवर पाठवली तर चालेल का, की त्यानेही घरात भांडण पेटेल?