ॲटिकस फिंच: हिमतीचा बाप की नुसता सचोटीचा वकील?

मांडवीकर
बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाचनगटात यंदा हार्पर लीची १९६० सालची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' होती. न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. अलाबामातलं एक गाव, १९३० चं दशक. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर गोऱ्या मुलीवरच्या बलात्काराचा खोटा आळ येतो. त्याचा बचाव करतो ॲटिकस फिंच, आई नसलेल्या दोन मुलांचा बाप.

गटात बहुतेकांचं म्हणणं पडलं की न्यायाधीशानं नेमला म्हणून उभा राहिला, त्यात हिंमत कसली? मला हे मुळीच पटलं नाही. माझे बाबा न्यायमंदिरात वकिली करायचे. नेमून दिलेला खटला कसा उरकतात ते त्यांच्याकडून लहानपणी खूप ऐकलंय. ॲटिकस उरकत नाही. मुलीच्या चेहऱ्याला उजवीकडे मार, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. टॉमचा डावा हात लहानपणीच कापसाच्या जिनमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, सापडून निकामी झालेला. आणि मुलीचा स्वतःचा बाप डावखुरा. खटला हरणार हे ठाऊक असून तो हे सगळं गावासमोर मांडतो. का, तर हा खटला घेतला नसता तर मुलांना 'असं वागा' म्हणायचं तोंड मला उरलं नसतं, असं तो लेकीला सांगतो. माझ्यासाठी अख्खी कादंबरी त्या उत्तरात आहे.

वाडीचा वाचक
कोर्टातली हिंमत मान्य. पण घरात काय? लहानगी स्काउट विचारते, कॅलपर्नियाच्या घरी जाऊ का? कॅलपर्निया म्हणजे त्या पोरांना वाढवणारी कृष्णवर्णीय बाई. आत्या ताडकन नाही म्हणते. यावर बाप काय करतो? लेकीला आत्याची माफी मागायला लावतो.

आपण बडोद्याचे आहोत, आपल्याला हे चटकन कळायला हवं. १९१७ साली डॉ. आंबेडकर कोलंबियात शिकून सयाजीरावांच्या नोकरीत आले. राजा पाठीशी, पण राहायला खोली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथूनही काठ्या घेतलेल्या जमावानं अकराव्या दिवशी बाहेर काढलं. मग दोन मित्रांकडे विचारणा केली. एक म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसऱ्यानं बायकोवर ढकललं. शेवटी रात्रीच्या गाडीपर्यंत कामाठी बागेत बसून राहिले. ते मित्र वाईट नव्हते हो. चारचौघांत चांगलंच बोलत असतील. उंबऱ्याशी आले आणि अडले. ॲटिकस मला त्यांच्याच जातकुळीतला वाटतो.

मांडवीकर
ही तुलना अन्यायाची आहे. तीच आत्या कॅलपर्नियाला काढून टाक म्हणते तेव्हा तो साफ नकार देतो. तुमचे ते दोघे मित्र घरच्यांपुढे गप्प बसले, हा बसत नाही.

वाडीचा वाचक
कामाला ठेवणं वेगळं आणि तिच्या घरी पाहुणं म्हणून जाणं वेगळं, ताई. माझ्या आजीनं चाळीस वर्षं लोकांची धुणीभांडी केली. नोकरी कधी गेली नाही, पण तिच्या घरी मालकांपैकी कुणी कधी आलं नाही.

सुरसागर
मला तुरुंगासमोरची रात्र छळते. टॉमला मारायला माणसं येणार हे कळल्यावर ॲटिकस दिवा आणि खुर्ची घेऊन दारात वर्तमानपत्र वाचत बसतो. पोरं मागोमाग येतात, तरी तो जागचा हलत नाही. माझ्या वडिलांनी एका खोट्या बिलावर सही नाकारली होती. दोन वर्षांत तीन बदल्या झाल्या, माझी शाळा तीनदा बदलली. वडिलांचा मला अभिमान आहे. पण आईला कुणी विचारलं नव्हतं, हेही खरं आहे. कादंबरीत ती आई आधीच वारलेली आहे, त्यामुळे बापाला कुणी अडवतच नाही.

कारेलीबाग
शेवटाकडे कुणी बघतच नाहीये. बू रॅडली, म्हणजे कधी घराबाहेर न पडणारा शेजारी, ॲटिकसच्या मुलांना वाचवतो आणि त्यात टॉमवर आळ घेणाऱ्या मुलीचा बाप त्याच्या हातून मरतो. शेरीफ म्हणतो, स्वतःच्याच सुरीवर पडला. ॲटिकसला आधी वाटतं आपल्याच मुलानं, जेमनं मारलं, आणि तो ठासून सांगतो की हे झाकायचं नाही. इथपर्यंत मी त्याला हात जोडतो. मग बूचं नाव निघतं आणि तो शेरीफचं ऐकतो. म्हणजे गोऱ्या शेजाऱ्यासाठी कायदा वाकला. टॉमसाठी तो ताठच राहिला, अपिलाची वाट बघायला लावून. तुरुंगातून पळताना टॉमला सतरा गोळ्या लागल्या.

मांडवीकर
कारेलीबाग, यावर दोन दिवस विचार करतेय. बूला चव्हाट्यावर आणणं क्रूरपणाच झाला असता, हे मी अजूनही म्हणेन. पण टॉमच्या बाबतीत तसा विचार करायला त्या गावात शेरीफही नव्हता आणि ॲटिकसही नव्हता, हे तुम्ही दाखवलंत. सुरसागर, तुमच्या आईबद्दल आणखी लिहाल का? आमच्या आईनेही बाबांच्या वकिलीपायी बरंच सोसलं, आणि मी तिला कधीच काही विचारलं नाही.