मिनिमूगसाठी थांबावे का?
मिनिमूग म्हणजे मूग कंपनीचा १९७०च्या दशकातील गाजलेला सिंथेसायझर, विजेच्या सर्किटांतून आवाज निर्माण करणारे कळफलकाचे वाद्य. पैसे साठवून अस्सल मिनिमूगच घ्यावा, स्वस्त प्रतिकृतीत तो आवाज नाहीच, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. ज्या लॅडर फिल्टरमुळे (आवाजातील उंच कंप्रतेचे अंश गाळणाऱ्या सर्किटमुळे) तो भरदार आवाज येतो, त्याचे पेटंट १९६९ सालचे असून त्याची मुदत केव्हाच संपली आहे. म्हणूनच बेरिंगर कंपनीच्या मॉडेल डी या प्रतिकृतीमध्ये तीन ऑसिलेटर (मूळ स्वर निर्माण करणारे भाग) आणि त्याच धर्तीचा फिल्टर मूळ यंत्राच्या मानाने फारच कमी किमतीत मिळतो. शिवाय १९७०च्या दशकातील यंत्रे तापमान बदलले की सुरातून सरकतात. बेळगावात गणेशोत्सवाच्या ऑर्केस्ट्रात, बाहेर पावसाचा गारवा आणि मंचावर दिव्यांचा ताप असताना, दोन गाण्यांच्या मध्ये ऑसिलेटर जुळवत बसणाऱ्या वादकाला (जुन्या यंत्रांची हौस मलाही आहेच) गायक फार वेळ सहन करत नाहीत.