मदत हवी आहे: लिनक्सवर लॅपटॉपचा आवाज गायब

मंडळी, लॅपटॉपवर उबंटू २४.०४ (लिनक्सचा एक प्रकार) टाकलंय. बाकी सगळं झकास, फक्त आवाज नाही. सेटिंग्जमध्ये नुसतं 'डमी आउटपुट' (म्हणजे खरं साउंड कार्ड सापडलं नाही) दिसतं. ब्लूटूथ हेडफोनवर मात्र गाणी व्यवस्थित वाजतात, म्हणजे पाइपवायर (आवाज हाताळणारी सेवा) चालू असणार. साउंड कार्डांची यादी देणारी 'एप्ले -एल' (aplay -l) कमांड म्हणते साउंड कार्डच नाही. डीमेसेगमध्ये (dmesg, कर्नलच्या म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या नोंदी) एसओएफ फर्मवेअर (साउंड चिपला लागणारं सॉफ्टवेअर) लोड न झाल्याची लाल ओळ येते; माझा संशय तिच्यावरच. फर्मवेअरचं पॅकेज पुन्हा टाकलं, ढिम्म फरक नाही.

कर्नलला एसओएफऐवजी जुना एचडीए साउंड ड्रायव्हर वापरायला लावायचा पर्याय कोणी वापरलाय का? त्यात आतला माइक जातो म्हणे, आणि मी ऑनलाइन शिकवण्या घेते!

इथे नाशिकमध्ये कॉलेज रोडवरचे दुकानदार 'विंडोज टाका ताई' एवढंच सांगतात. सिडको-इंदिरानगरकडे लिनक्सवालं कोणी असेल तर लॅपटॉप घेऊन येते. चहा-मिसळ माझ्याकडून.