बडोद्यात मुलांच्या हाती आधी कोणती तलवार द्यावी? माझं मत ईपीला

मांडवीकर

वादाचा मुद्दा आधीच सांगतो. बडोद्यातल्या एखाद्या आखाड्याने लाठी-पट्ट्याच्या जोडीला तलवारबाजीचा वर्ग काढायचा ठरवला आणि पैसे एकाच शस्त्राच्या सामानापुरते असले, तर ते शस्त्र ईपी असावं, म्हणजे फक्त टोकाने टोचायची, तिन्ही शस्त्रांतली जड तलवार. सध्या ‘भारताची ऑलिम्पिक तलवारबाज भवानीदेवी सेबर खेळते, म्हणून सेबर’ एवढ्यावर निर्णय होतात. ऑलिम्पिकमधला या खेळाचा इतिहास नीट पाहिला तर मला वेगळं दिसतं.

तलवारबाजी १८९६ च्या अथेन्सपासून एकाही ऑलिम्पिकमधून सुटलेली नाही. तेव्हा फॉइल (टोकाने टोचायची हलकी तलवार) आणि सेबर (वार करायची तलवार) होते, ईपी १९०० ला पॅरिसमध्ये आली. तिन्ही दिसायला एकाच घरातली, पण गुण कोणाचा हे ठरवण्याची रीत निराळी. फॉइल आणि सेबरमध्ये दोघांचंही शस्त्र लागून यंत्राचे दोन्ही दिवे लागले की हल्ल्याचा हक्क कोणाचा होता ते पंच सांगणार. ईपीत असला हक्कच नाही. ज्याचं टोक आधी लागलं त्याचा गुण, आणि ४० मिलिसेकंदांच्या आत दोघांचं लागलं तर दोघांनाही गुण. म्हणूनच विजेचं यंत्र आधी ईपीत आलं, १९३६ ला बर्लिनमध्ये. फॉइलला ते १९५६ ला मेलबर्नमध्ये मिळालं, सेबरला थेट १९९२ ला बार्सिलोनात.

यंत्राआधी काय चालायचं ते बघा. एक मुख्य पंच आणि चार साहाय्यक, प्रत्येक खेळाडूच्या मागे दोघे, आणि ते बघणार समोरच्या खेळाडूचं अंग. साहाय्यकाचं एक मत, मुख्य पंचाचं दीड. दोघे साहाय्यक एकमताने बोलले तर मुख्य पंचाचं काही चालत नसे. पण त्यातल्या एकाने ‘दिसलं नाही’ म्हटलं की दीड मत भारी ठरायचं. म्हणजे टोक अंगाला लागणं पुरेसं नव्हतं, ते योग्य माणसाला दिसावं लागे. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकात इटलीचा ओरेस्ते पुलिती आणि हंगेरियन पंच कोवाच यांच्यातलं भांडण इतकं चिघळलं की त्याच वर्षी पुढे दोघे खऱ्या तलवारी घेऊन द्वंद्वाला उभे राहिले.

जिथे निकाल माणसाच्या डोळ्यावर अवलंबून असतो तिथे जुन्या घराण्यांचं वजन पडतं. जिथे दिव्यावर असतो तिथे नव्याला शिरायला फट मिळते. २०१२ ला व्हेनेझुएलाच्या रुबेन लिमार्दोने ईपीचं सुवर्ण नेलं. जपानला तलवारबाजीतलं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण टोकियोत मिळालं, तेही पुरुषांच्या सांघिक ईपीत. २०२४ ला पॅरिसमध्ये वैयक्तिक सुवर्णं जपानच्या कोकी कानोला आणि हाँगकाँगच्या व्हिव्हियन काँगला, दोन्ही ईपीतली. आपल्यासारख्या गावाने हा रस्ता धरावा.

दांडियाबजार

मांडवीकरदादा, माहिती बरोबर, निष्कर्ष चुकला. यंत्राने जुन्या घराण्यांची सद्दी मोडली असं म्हणायचं तर सेबरचा हिशेब मांडून बघा. १९२४ ते १९६४ या नऊ ऑलिम्पिकांत पुरुषांच्या वैयक्तिक सेबरचं सुवर्ण प्रत्येक वेळी हंगेरीला. ती साखळी तुटली १९६८ ला, पोलंडच्या येर्झी पावलोव्स्कीने तोडली, आणि तेव्हा सेबरला दिवा नव्हता. दिवा आल्यानंतर २०१२, २०१६ आणि टोकियो असं सलग तीनदा सुवर्ण कोणी जिंकलं? आरोन सिलाग्यीने, पुन्हा हंगेरीच. घराणं टिकतं ते शिकवणाऱ्यांमुळे.

आणि नवे लोक फक्त ईपीतच शिरले असंही नाही. हाँगकाँगच्या चेउंग का-लाँगने टोकियो आणि पॅरिस, दोन्हीकडे फॉइलचं सुवर्ण घेतलं. कोरियाने पुरुषांचं सांघिक सेबर २०१२, टोकियो आणि पॅरिसमध्ये जिंकलं. रिओत तो प्रकार नव्हताच. पॅरिसच्या वैयक्तिक सेबरमध्ये ट्युनिशियाच्या फारेस फेर्जानीला रौप्य मिळालं.

ईपीत माणूस नाही म्हणता? १९१२ ला स्टॉकहोममध्ये इटलीने ईपीतून अंग काढून घेतलं ते पात्याच्या लांबीवरून. फ्रान्सचं फॉइलच्या नियमांवरून बिनसलं आणि त्यांनी तलवारबाज पाठवलेच नाहीत. या कटकटींतून पुढच्या वर्षी, १९१३ ला, तलवारबाजीचा आंतरराष्ट्रीय महासंघ जन्माला आला. लंडन २०१२ आठवा: शिन आ-लाम आणि ब्रिटा हायडेमान, ईपीची उपांत्य लढत, ५-५, जादा मिनिटातला शेवटचा एक सेकंद. पुन्हा पुन्हा खेळ सुरू झाला आणि तो सेकंद संपेचना, शेवटी हायडेमानचा टच लागला. शिन तासभर पिस्टवर, म्हणजे लढतीच्या पट्टीवर, बसून रडत होती. दिवा बरोबरच लागला होता. घड्याळ मात्र माणसाच्या हातात होतं.

बडोद्यापुरतं म्हणाल तर इथली मुलं फरीगदका (ढाल आणि लाकडी सोटा) आणि पट्टा बघत वाढतात. वार करणं त्यांच्या अंगात आहे. सेबर त्यांना आठवड्यात आवडेल. ईपीचं टोकाने टोचणं शिकवायला वर्ष जाईल आणि तोवर निम्मी मुलं क्रिकेटला पळतील.

लष्करवाला, ग्वाल्हेर

पट्ट्याचा मुद्दा आला म्हणून लिहितो. पट्ट्याची मूठ म्हणजे लोखंडी दस्ताना. मनगट त्यात बंद, वार खांद्यातून आणि कमरेच्या फिरकीतून. सेबरमध्ये वार बोटं आणि मनगटातून निघतो, आणि हात आधी पुढे जायला लागतो. पट्टेवाला मुलगा सेबर घेतो तेव्हा हात आधी मागे ओढतो. तेवढ्या वेळात समोरचा मनगटावर मारून मोकळा होतो, आणि पंचही त्या ओढलेल्या हाताला हल्ला न मानता तयारी मानतो. ही सवय मोडायला नव्याला शिकवण्याहून जास्त वेळ लागतो. फरीगदक्याची सवय मात्र चालते, तिथे मनगट मोकळं असतं.

आता सामान. यावर कोणी बोलत नाही आणि वर्ग बंद पडतात ते यामुळेच.

ईपीला विजेचं जॅकेट लागत नाही, पायाच्या बोटापासून डोक्यापर्यंत सगळं अंग निशाण आहे. शस्त्र, कपड्याआतली बॉडी वायर, ती पेटीला जोडणारी तारेची रील, आणि दिवे लावणारी पेटी, झालं. सेबरला कमरेवरचं धातूच्या धाग्याचं जॅकेट, वीज वाहणारा मास्क, मास्कची वेगळी वायर आणि हातमोज्यावरची पट्टी, हे सगळं प्रत्येक मुलाच्या मापाचं. पण सेबरच्या पात्यात तार नाही, टोकाला स्प्रिंग नाही. ईपीत दोन्ही आहेत आणि रोज बिघडतात.

ईपीची टिप रोज तपासायची. ७५० ग्रॅमचं वजन टोकावर ठेवून दाबायचं. हात सोडल्यावर स्प्रिंगने ते वजन उचललं पाहिजे. नाही उचललं तर स्प्रिंग बसली आहे, ती बदला. मग दोन पत्र्या: दीड मिलिमीटरची पत्री टोक आणि नळी यांच्या फटीत जायला हवी. अर्ध्या मिलिमीटरची घालून दाबलं तर दिवा लागता कामा नये. लागला तर आतली छोटी स्प्रिंग लांब आहे, अर्धा फेरा फिरवून आत घ्या. टिपेला दोन बारीक स्क्रू असतात. ते सैल होऊन पडतात आणि सापडत नाहीत. एका शस्त्रामागे सहा तरी जादा ठेवा.

आणि एक फरक लक्षात ठेवा. फॉइलचं सर्किट बंद असतं, तार तुटली की पांढरा दिवा सतत लागतो, बिघाड लगेच कळतो. ईपीचं सर्किट उघडं असतं. तार तुटली की काहीच होत नाही. मुलगा टच मारत राहतो, दिवा लागत नाही, आणि शिकवणाऱ्याला वाटतं त्याचं टोक घसरतंय. म्हणून ईपीत प्रत्येक लढतीआधी टोक एकदा दाबून दिवा बघायचाच.

रावपुऱ्यातली

तिघांनीही मुलांचाच इतिहास सांगितला. मुलींचा सांगते, कारण निर्णय तिथे बदलतो.

स्त्रियांना ऑलिम्पिकमध्ये प्रवेश १९२४ ला मिळाला, फक्त फॉइलमध्ये. डेन्मार्कची एलेन ओसिएर पहिली विजेती. सांघिक फॉइल आलं १९६० ला. ईपी १९९६ ला अटलांटात. सेबर २००४ ला अथेन्समध्ये. म्हणजे ७२ वर्षं स्त्रियांना एकच शस्त्र. पुरुषांच्या सेबरमागे शंभर वर्षांचं शिक्षण उभं आहे, स्त्रियांच्या सेबरमागे नाही. तिथे सगळे देश जवळजवळ एकाच वेळी रांगेत लागले. २००४ च्या पहिल्याच स्पर्धेत अमेरिकेची मारिएल झॅगुनिस जिंकली आणि दुसरी आली चीनची तान शुए. हंगेरी, इटली, फ्रान्स यांपैकी कोणी पहिल्या दोघींत नव्हतं.

भवानीदेवीची वाट याच फटीतून गेली. टोकियोत ती ऑलिम्पिक खेळणारी पहिली भारतीय तलवारबाज झाली, ट्युनिशियाच्या नादिया बेन अझीझीला १५-३ हरवलं, मग फ्रान्सच्या मानोन ब्रुनेकडून ७-१५ हरली. २०२३ ला वुशीच्या आशियाई अजिंक्यपदात तिने तेव्हाच्या जगज्जेत्या मिसाकी एमुराला हरवून कांस्य आणलं, त्या स्पर्धेतलं भारताचं पहिलं पदक. ‘भवानीदेवी खेळते म्हणून सेबर’ हे मांडवीकरकाका इतकं हलकं समजतात, पण मुलींसाठी तेच सर्वांत पक्कं कारण आहे.

आणि कृपा करून मुलींसाठी छातीचं कडक कवच पहिल्या दिवसापासून घ्या. ‘नंतर बघू’ म्हणण्यातली वस्तू नाही ती.

राजवाडा, इंदूर

मी फॉइलवाला, थोडक्यात सांगतो. फॉइलचं निशाण फक्त धड, शस्त्र जास्तीत जास्त ५०० ग्रॅम, ईपी ७७० पर्यंत जाते. दहा वर्षांच्या मुलाच्या मनगटाला फरक पडतो. अडवून उलट वार करण्याची शिस्त फॉइलमध्ये आधी येते, आणि फॉइलवरून दुसऱ्या शस्त्राकडे जाता येतं.

मांडवीकर म्हणतात यंत्र न्याय देतं. यंत्र खेळही बदलतं, ते विसरू नका. विजेच्या फॉइलवर पातं चाबकासारखं वाकवून पाठीवर टोक आपटण्याची युक्ती निघाली, कारण पेटीला टोक क्षणभर टेकलं तरी पुरत असे. २००५ च्या सुमाराला महासंघाने टोक टेकण्याची वेळ १४ मिलिसेकंदांपर्यंत वाढवली आणि ती युक्ती बरीच ओसरली. सेबरच्या पेटीत पहिल्या टचनंतर दुसऱ्याचा टच धरण्याची मुदत तेव्हाच १२० मिलिसेकंद केली, मग २०१६ मध्ये १७०. दर वेळी शिकवणाऱ्यांना डाव बदलावे लागले. पेटी जुनी, स्वस्त घेतलीत तर मुलं जुन्या वेळेवर घडतील आणि स्पर्धेत टच लागणार नाहीत. पेटी घेताना तिची वेळ कोणत्या वर्षाच्या नियमाची आहे ते आधी विचारा.

मांडवीकर

ताई, मुलींच्या सेबरचा मुद्दा मान्य. तो माझ्या डोक्यात नव्हता आणि तो बळकट आहे. हंगेरीचं उदाहरणही मान्य, यंत्राने सद्दी मोडली हे वाक्य मी मागे घेतो.

पण एक प्रश्न उरतोच. सेबरमध्ये जवळजवळ प्रत्येक झटापटीत दोन्ही दिवे लागतात. खेळाडू चार मीटर अंतरावरून सुटतात आणि पुष्कळदा दोन सेकंदांत सगळं संपतं. नव्या वर्गात हल्ला कोणाचा हे सांगणार कोण? चुकीचा निकाल वर्षभर ऐकलेलं मूल चुकीचाच हल्ला शिकतं. ईपीत शिकवणारा कच्चा असला तरी दिवा खरं सांगतो. मोठ्या स्पर्धांतसुद्धा विसेक वर्षांपूर्वी पंचांना व्हिडिओ द्यावा लागला, तिथे बारा आठवड्यांचं शिबिर करून आलेल्या शिक्षकाने काय करावं?

दांडियाबजार

मोबाइल. तिवई पिस्टच्या मध्यावर, खेळाडूंच्या बाजूने, कमरेच्या उंचीवर. हळू गतीचं चित्रण करून प्रत्येक टचनंतर मुलांनाच विचारायचं, हात आधी कोणाचा सुटला, पाय आधी कोणाचा थांबला. मुलं पंचगिरी करत शिकली की डोळा तयार होतो. पंच घडवणं हे काम टाळून पळवाट म्हणून ईपी घ्यायची, हे मला पटत नाही. आणि दिवा खरं सांगतो हे तरी किती खरं? १९७६ ला माँट्रियलमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉनच्या (पाच खेळांच्या स्पर्धेतल्या) ईपीत बोरिस ओनिश्चेन्कोने मुठीत लपवलेल्या बटणाने दिवा लावला होता. ब्रिटनच्या जिम फॉक्सला टोक शिवलंच नव्हतं, म्हणून पकडला गेला.

लष्करवाला, ग्वाल्हेर

लबाडीचं सोडा, गंजानेही खोटा दिवा लागतो. ईपीत समोरच्याच्या वाटीवर (मुठीपुढच्या धातूच्या ढालीवर) टोक लागलं तर दिवा लागू नये. बडोद्याच्या पावसाळ्यात, घामाच्या हाताने, वाटीवर महिन्याभरात डाग चढतात. त्या डागावर टोक लागलं की वीज जमिनीला जात नाही आणि टच मोजला जातो. बारीक पॉलिश पेपरने वाटी घासा, शस्त्र कोरड्या फडक्याने पुसून ठेवा. ओल्या मोज्यासकट पिशवीत कोंबू नका. धातूची पिस्ट नसेल तर टोक लादीवर आपटूनही दिवा लागेल, तेव्हा शिक्षकाने जमिनीकडे बघायचं. सेबर घेतलंत तर जॅकेटवर घामाचे हिरवट डाग पडतील. कोमट पाण्यात बुडवून, न पिळता, आडवं वाळवायचं. कुठल्याही दोन जागांमध्ये रोध पाच ओहमच्या वर गेला की ते जॅकेट बाद.

शस्त्र कोणतंही घ्या, मास्कवर पैसे वाचवू नका. १९८२ ला रोममध्ये जागतिक अजिंक्यपदात ऑलिम्पिक विजेता व्लादिमीर स्मिर्नोव्ह गेला. समोरच्याचं पातं मोडलं आणि मोडकं टोक मास्कच्या जाळीतून आत शिरलं. त्यानंतर पात्यांचं पोलाद, जाळी, कापड, सगळ्यांचे नियम कडक झाले. जाळी तपासायला बारा किलोचा टोच्या असतो. दबलेली, गंजलेली जाळी हातोडीने सरळ करून परत वापरायची नाही, मास्क फेकायचा.

रावपुऱ्यातली

मग माझा प्रस्ताव असा. दोन पिस्टचं सामान घेणार असाल तर एक ईपी, एक सेबर. रील दोन्हीकडे तीच चालते, आणि तिन्ही शस्त्रांची पेटी मिळते, तीच घ्या.

मांडवीकर

पेटी तिन्ही शस्त्रांची, हे ठीक. सेबरची जॅकेटं मात्र चार मापांत लागतील आणि मुली दर वर्षी वाढतात. तो खर्च आधी मांडा, मग बोलू.