मदत हवी आहे: पायथनची ईएक्सई केल्यावर पावती क्रमांक दर वेळी १ पासून

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या काढायला पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिलाय. टीकिंटरची (पायथनची खिडक्या-बटणांची लायब्ररी) खिडकी, सभासदांची यादी एक्सेलमधून ओपनपायएक्सएल या लायब्ररीने वाचतो, शेवटचा पावती क्रमांक एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या फाइलीत. माझ्या लॅपटॉपवर बिनतक्रार चालतो.

सेक्रेटरी काकांच्या संगणकावर (विंडोज १०) पायथन नाही, आणि ते त्यांना टाकायला लावलं तर रोज संध्याकाळी फोन ठरलेला. म्हणून पायइन्स्टॉलरने (पायथन प्रोग्रामची ईएक्सई, म्हणजे थेट चालणारी फाइल, करणारं साधन) वनफाइल (सगळं एकाच फाइलीत) आणि विंडोड (मागे काळी कमांड खिडकी नको) हे पर्याय देऊन एकच ईएक्सई केली. एसक्यूलाइटची फाइल अ‍ॅड-डेटा या पर्यायाने आत घातली. तिचा पत्ता कोडमध्ये __फाइल__ (चालू कोडची फाइल कुठे आहे ते सांगणारं नाव) वरून काढतो.

पावती निघते, पुढचा क्रमांकही बरोबर येतो. पण बंद करून उघडलं की पुन्हा पावती क्र. १! एरर काहीच नाही. शिवाय खिडकी यायला इतका वेळ लागतो की काका तोवर आणखी दोनदा क्लिक करतात आणि तीन खिडक्या उघडतात. ऑडिटरसमोर एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या कशा ठेवणार?

प्रतिसाद १

दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच, वनफाइल. ती ईएक्सई दर वेळी विंडोजच्या टेम्प फोल्डरात _एमईआयने सुरू होणारं फोल्डर करून सगळा माल तिथे सोडते, मग प्रोग्राम चालू होतो. वेळ त्यातच जातो. __फाइल__ तिथलाच पत्ता देतं, म्हणजे क्रमांक लिहिला जातो तोही तिथेच. खिडकी बंद केली की ते फोल्डर पुसलं जातं. एरर येणार कुठून?

आत घातलेली फाइल फक्त वाचण्यापुरती धरा. जिच्यात लिहायचंय ती लोकलअ‍ॅपडेटामध्ये (विंडोजमध्ये प्रत्येक युजरच्या प्रोग्रामांचा डेटा ठेवायची जागा) स्वतःचं फोल्डर करून ठेवा. पहिल्यांदा उघडताना ती तिथे नसेल तरच आतली कोरी प्रत कॉपी करा. आणि वनफाइलऐवजी वनडिर (ईएक्सई आणि बाकीच्या फाइली एका फोल्डरात) वापरा, लवकर उघडेल.

प्रतिसाद २

वनडिर केलंत तर अख्खं फोल्डर द्या. पायइन्स्टॉलर ६ पासून बाकीच्या फाइली _इंटर्नल नावाच्या फोल्डरात जातात. नुसती ईएक्सई डेस्कटॉपवर ओढली तर चालत नाही, आणि काका ती ओढणारच. इनो सेटअप या साधनाने इन्स्टॉलर करून शॉर्टकट द्या. वनफाइलवर अँटिव्हायरस उगाच संशय घेतो, ती कटकटही बहुधा कमी होईल.

धागाकर्ता

लोकलअ‍ॅपडेटाचं जमलं, क्रमांक टिकतोय. पण इनो सेटअप प्रोग्राम फाइल्समध्ये टाकतं. डेटाही तिथेच ईएक्सईशेजारी ठेवला तर? काकांना बॅकअपसाठी सापडायला सोपं.

प्रतिसाद १

नको. तिथे साध्या युजरला लिहायची परवानगी नसते. बॅकअपसाठी खिडकीतच बटण द्या, पेनड्राइव्हवर कॉपी करणारं. आणि डेटाबेसमधल्या पावती क्रमांकाच्या कॉलमला युनिक (एकच किंमत दोनदा नको, ही अट) लावा, म्हणजे दोन खिडक्या उघड्या राहिल्या तरी तोच क्रमांक दुसऱ्यांदा नोंदला जाणार नाही.